आधी ॲनिमोन, मग क्लाउनफिश : नवं ॲनिमोन टँकमध्ये रुजवण्याचा क्रम

सी ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणि त्यात घर करणारा क्लाउनफिश एकाच दिवशी घरी आणणारे लोक मला सारखे भेटतात. आठवड्याभरात त्यांचा फोन येतो. ‘ॲनिमोन आक्रसलंय, तोंड उघडं पडलंय, मासा त्याला ढुशा मारतोय. काय करू?’ तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. चूक आठवड्यापूर्वीच झालेली असते आणि बहुतेक वेळा ती क्रमाची असते.

हा लेख बबल टिप ॲनिमोन, म्हणजे एंटाक्मिया क्वाड्रिकलर, डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. घरच्या टँकमध्ये त्यातल्या त्यात सोशीक तेच. कार्पेट ॲनिमोन दिसायला देखणं असतं, पण ते लहान मासे गिळतं आणि नवशिक्याच्या हातून हमखास मरतं. मॅग्निफिका या मोठ्या ॲनिमोनचीही तीच गत. पहिलंच ॲनिमोन असेल तर या दोघांच्या वाटेला जाऊ नका.

## टप्पा १ : टँक तयार आहे का, ते आधी ठरवा

टँक चालू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत. वर्ष झालं असेल तर उत्तम. ‘सायकल पूर्ण झाली (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजले), अमोनिया शून्य आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. अमोनिया शून्य ही माशासाठी पुरेशी अट असेल, ॲनिमोनसाठी ती फक्त सुरुवात आहे. त्याला चढउतार सोसत नाहीत, आणि नव्या टँकमध्ये दुसरं काही नसतंच. बबल टिपसाठी सुमारे २०० लिटर पाणी ही मी खालची मर्यादा धरतो. पाणी कमी तितके चढउतार जास्त.

सलग तीन आठवडे पाणी मोजा आणि वहीत लिहा. आकडे साधारण असे हवेत :

- तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस
- विशिष्ट गुरुत्व (म्हणजेच खारटपणा) १.०२५ ते १.०२६
- पीएच ८.१ ते ८.४
- अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ९.५ डीकेएच
- कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम (दशलक्षात भाग)
- नायट्रेट २ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम
- अमोनिया आणि नायट्राइट शून्य

नायट्रेट शून्य असेल तर खूश होऊ नका. ॲनिमोनच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला थोडं पोषण लागतं. अगदी कोऱ्या पाण्यात ॲनिमोन फिकट पडत जातं.

आता पाणी कुठून घेता, ते बघा. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल असं गृहीत धरणारे बरेच आहेत. घरगुती आरओमध्ये चवीसाठी बहुधा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. त्याहून वाईट म्हणजे तांब्याचं कार्ट्रिज असलेली मॉडेल्स. तांबं आपल्याला आरोग्यदायी वाटत असेल, ॲनिमोनला ते विष आहे. टँकसाठी वेगळं आरओ-डीआय युनिट (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारं) हवं आणि त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा. मीठ कालवायला तांब्या-पितळेचं भांडंही नको. प्लॅस्टिकची बादली घ्या, जिच्यात कधीच साबण पडलेला नाही अशी.

सावधान : या टँकमध्ये पूर्वी कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर ते दगडांत आणि वाळूत मुरलेलं असू शकतं. कॉपर टेस्ट किटने तपासा. अंश जरी सापडला तरी ॲनिमोनचा विचार सोडा.

दगडांविषयी एक सूचना. प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचे तुकडे कोणी देत असेल तर घेऊ नका. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम दगड वापरा. रचताना मनगट जाईल एवढी एखादी कपार मधल्या उंचीवर ठेवा. बबल टिपला पाय (चिकटून राहण्याचा तळ) खोल लपवायला आणि शुंडकं (डंख मारणारे, बोटांसारखे अवयव) उजेडात पसरायला जागा लागते. ती मिळाली नाही तर ते शोधत फिरतं, आणि टँकमधले बहुतेक अपघात या फिरण्यातच होतात.

## टप्पा २ : पंप झाका, उन्हाळ्याची सोय करा

माझं पहिलं ॲनिमोन तिसऱ्या रात्री वेव्हमेकरमध्ये (टँकमध्ये प्रवाह खेळवणाऱ्या पंपात) गेलं. सकाळी पाणी ताकासारखं दिसत होतं आणि शुंडकांचे तुकडे टँकभर तरंगत होते. त्या एका रात्रीत दोन मासेही गेले. रात्री झोपताना ॲनिमोन वेव्हमेकरपासून दीड फुटावर होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. ॲनिमोनला दीड फूट म्हणजे एका रात्रीचा प्रवास.

म्हणून ॲनिमोन आणण्याच्या आधी प्रत्येक वेव्हमेकरवर जाळी किंवा जाड स्पंज बसवा. ओव्हरफ्लोच्या (टँकमधून पाणी बाहेर पडण्याच्या वाटेच्या) दातऱ्यांवर जाळी लावा. हीटर उघडा असेल तर त्याला गार्ड घाला किंवा तो संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) हलवा. स्पंज आठवड्यातून दोनदा धुवावा लागतो, नाहीतर प्रवाह मंदावतो. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मुंबई-ठाण्यात एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये टँकचं पाणी ३० अंशांच्या वर सहज जातं. पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनामुळे ते दोन-तीन अंशांनी उतरतं. पण पावसाळ्याच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, मग पंखा नुसता फिरत राहतो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्यावर निभावतं. किनारपट्टीवर राहत असाल तर चिलरचा खर्च आधी धरा, ॲनिमोनचा नंतर. शिवाय पंख्यामुळे पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि खारटपणा चढतो. ती भर गोड्या आरओ-डीआय पाण्याने घालायची, खाऱ्या नव्हे. रोज हाताने घालणं विसरतं. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे ही भर आपोआप घालणारं यंत्र, बसवा.

वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा. आणि घरात डासांचा स्प्रे मारत असाल किंवा पेस्ट कंट्रोल करून घेणार असाल तर त्या वेळी एअर पंप बंद ठेवून टँक झाका. तो पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडत असतो.

तपासणी : सगळे पंप झाकले? तीन आठवड्यांचे आकडे वहीत आहेत? पुढचा महिनाभर तुम्ही घरी आहात? गणपतीला गावी जायचं असेल तर परत आल्यावरच ॲनिमोन आणा.

## टप्पा ३ : दुकानात काय बघायचं

शक्य असेल तर दुसऱ्या छंदिष्टाच्या टँकमध्ये विभागून तयार झालेलं ॲनिमोन घ्या. बबल टिप स्वतःहून दोन भागांत विभागतं, त्यामुळे अशी पिल्लं मिळतात. ती टँकच्या पाण्यातच वाढलेली असतात आणि समुद्रातून काढलेल्यांपेक्षा कितीतरी लवकर रुळतात. हाजी अली किंवा कार्टर रोडच्या खडकांत ओहोटीला दिसणारी ॲनिमोन उचलून आणण्याचा विचारही करू नका. ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जगणारी आहेत, बहुतेक क्लाउनफिशला घर देणारी नव्हेत.

दुकानात किमान १५ मिनिटं टँकसमोर उभे राहा. तोंड घट्ट मिटलेलं हवं. तोंड सैल पडून आतला भाग बाहेर आला असेल तर परत फिरा. पाय काचेला किंवा दगडाला चिकटलेला हवा आणि कुठेही फाटलेला नको. रंग तपकिरी, हिरवट किंवा लालसर चालतो. दुधासारखं पांढरं ॲनिमोन म्हणजे आतलं शैवाल गमावलेलं, उपाशी ॲनिमोन. ‘दुर्मिळ आहे’ म्हणून तेच महाग विकतात. भडक पिवळं किंवा जांभळं दिसलं तर रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

विक्रेत्याला ते काढायची घाई करू देऊ नका. पाय ओढून काढला की फाटतो, आणि फाटलेल्या पायाचं ॲनिमोन क्वचितच वाचतं. नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने हलकेच सुटं करायचं. काचेला चिकटलं असेल तर बाहेरून त्याच जागी बर्फाचा खडा धरला की पाय आपणहून सैल होतो. लहान दगडाला चिकटलं असेल तर दगडासकट विकत घ्या, दगडाचे पैसे गेले तरी चालतील.

निघण्यापूर्वी दुकानातल्या पाण्याचा खारटपणा स्वतःच्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. मिठाचा खर्च वाचवायला आणि परजीवी आटोक्यात ठेवायला काही दुकानं माशांचं पाणी १.०२० च्याही खाली ठेवतात. ॲनिमोन त्याच पाण्यात असेल तर पुढचा टप्पा लांबतो.

## टप्पा ४ : पाण्याची सवय

पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा. तेवढ्या वेळात टँकचे दिवे बंद करा. पुढचा मार्ग प्रवास किती झाला यावर ठरतो.

जवळून आणलं असेल (दीड-दोन तास) : ॲनिमोन पाण्यासकट बादलीत घ्या. एअरलाइन नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंबांनी सोडा. पाणी दुप्पट झालं की निम्मं काढून टाका आणि पुन्हा दुप्पट होऊ द्या. तासाभरात होतं. खारटपणात ०.००२ पेक्षा जास्त फरक असेल तर दोन तास घ्या. बादलीचं तापमान उतरत नाही ना, ते मधूनमधून बघा. एसी चालू असेल तर बंद करा.

कुरिअरने किंवा रात्रभराच्या प्रवासाने आलं असेल तर वरची रीत उलटी पडते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा पाण्यात तासभर थेंब-थेंब करत बसणं म्हणजे ॲनिमोनला विषात भिजत ठेवणं. पाठवणाऱ्याला खारटपणा आधीच विचारा आणि तेवढ्याच खारटपणाचं, २५-२६ अंशांचं ताजं पाणी बादलीत तयार ठेवा. पिशवी उघडली की ॲनिमोन लगेच त्या पाण्यात घ्या आणि तिथून पुढे वरच्यासारखं थेंब-थेंब टँकचं पाणी सोडा.

सावधान : पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. ॲनिमोन हातानेच उचला, नायट्राइलचे हातमोजे घालून. त्याचा डंख काहींना चांगलाच चढतो. आणि तुमच्या हातावरचा साबण किंवा क्रीम त्यालाही सोसत नाही.

## टप्पा ५ : टँकमध्ये ठेवताना

सगळे वेव्हमेकर बंद करा. तुम्ही ठेवलेल्या कपारीत पाय आत आणि तोंड वर असं ॲनिमोन ठेवा, हात तसाच पाच-सात मिनिटं राहू द्या. पाय हलकेच दगड धरायला लागला की हाताला कळतं. तेव्हा हात काढा. पंप अर्धा-पाऊण तासाने सुरू करा, तेही सर्वांत मंद वेगावर. रिटर्न पंप (संपमधलं पाणी टँकमध्ये परत आणणारा) एवढा वेळ बंद ठेवणार असाल तर संप भरून वाहणार नाही, हे आधीच एकदा करून बघितलेलं असावं.

ते धरतच नसेल तर प्लॅस्टिकची जाळीदार टोपली कामाला येते, स्ट्रॉबेरी येते तशी. तळाला दगडाचा चपटा तुकडा ठेवा, त्यावर ॲनिमोन. टोपली कमी प्रवाहाच्या जागी बसवा. एक-दोन दिवसांत ते दगडाला चिकटलं की दगडासकट उचलून कपारीशी ठेवता येतं.

रबर बँडने बांधणं, सुपरग्लू लावणं, पायावर दगड ठेवून दाबणं हे तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत. तिन्हींत पाय सडला.

## टप्पा ६ : पहिले दहा दिवस हात खिशात

सगळ्यात जास्त ॲनिमोन मरतात ती या टप्प्यात, आणि बहुतेक ‘मदत’ केल्यामुळे.

पहिले २४ तास दिवे बंद. खोलीत येणारा उजेड पुरे. दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या निम्म्या तीव्रतेने दिवे लावा.

ॲनिमोन फुगेल, मग रिकाम्या पिशवीसारखं लोळागोळा होऊन पडेल, तोंडातून तपकिरी दोरे टाकेल, पुन्हा फुगेल. ते आतलं जुनं पाणी आणि मळ बाहेर टाकतंय, बाकी काही नाही. दिवसातून एक-दोनदा असं होणं नेहमीचं. मेलं असं समजून त्याला काडीने टोचणारे लोक आहेत. टोचू नका.

ते फिरेलही. वर उजेडाकडे सरकत असेल तर प्रकाश कमी पडतोय, दगडामागे लपत असेल तर प्रकाश किंवा प्रवाह जास्त होतोय, असा ढोबळ अर्थ घ्या आणि दिवा किंवा पंप बदला, ॲनिमोन हलवू नका. बदलही एका वेळी एकच करायचा, मग दोन दिवस थांबायचं. जागा तुमच्या मनासारखी नसली तरी ती त्याने निवडली आहे. माझं आत्ताचं ॲनिमोन टँकच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे, जिथे ते फक्त भिंतीला दिसतं.

या दहा दिवसांत खायला काही देऊ नका. नव्याने आलेल्या ॲनिमोनला अन्न पचवण्याचा ताण नको असतो. दिलेलं ते दुसऱ्या दिवशी ओकतं आणि पाणी मात्र बिघडतं.

धोक्याची लक्षणं : ४८ तास सलग आक्रसलेलं, तोंड उघडं आणि आतला भाग बाहेर, पाय कशालाच न चिकटलेला, अंगावरून शेंबडासारखे पांढुरके पापुद्रे सुटतायत. शंका असेल तर हातमोजा घालून पाण्याबाहेर क्षणभर उचला. मेलेल्या ॲनिमोनचा वास एकदा आला की पुन्हा शंका राहत नाही. तसं असेल तर एक तासही थांबू नका : काढा, ३० ते ५० टक्के पाणी बदला, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) जोरात चालवा. सडणारं ॲनिमोन सगळा टँक घेऊन जातं.

## टप्पा ७ : प्रकाश वाढवणं आणि पहिला घास

दिव्यांची तीव्रता तीन आठवड्यांत, दर तीन दिवसांनी थोडी थोडी, नेहमीवर आणा. पीएआर मीटर (शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारा) उसना मिळाला तर ॲनिमोनच्या जागी १५० ते ३०० च्या दरम्यान आकडा बघा.

दहा दिवसांनंतर तोंड मिटलेलं असेल आणि शुंडकं हातमोज्याला चिकटत असतील तर पहिला घास द्या. बाजारातली ताजी कोळंबी सोला, धागा काढा, आरओ-डीआय पाण्यात धुवा आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा चिमट्याने शुंडकांवर ठेवा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. ताजा जवळाही छान चालतो. सुका जवळा मात्र नको, आणि मीठ लावलेलं किंवा मसाला चोळलेलं तर नकोच (हे लिहावं लागतंय, कारण एकाने केलं होतं). अख्खी कोळंबी दिलीत तर रात्री ती गिळलेली दिसेल आणि सकाळी ओकलेली.

## टप्पा ८ : मासा कधी

ॲनिमोन रुळण्याचा हा महिना वाया जात नाही. क्लाउनफिश ॲनिमोननंतर आठवड्याभराने आणा, पण वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये, आणि चार आठवडे तिथेच ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि ब्रुकलिनेला (एका परजीवीमुळे होणारा त्वचेचा रोग) हे दोन्ही क्लाउनफिशवर नेहमी येतात, आणि ठिपक्यांवरचं खात्रीचं औषध म्हणजे तांबं. मुख्य टँकमध्ये ॲनिमोन असताना ते घालताच येत नाही. त्या टँकची जाळी, बादली, नळी वेगळी ठेवा. शक्यतो पैदास केलेले मासेच घ्या; ते टँकचं जीवन आणि कोरडं खाणं दोन्ही शिकलेले असतात.

जात बघून घ्या. दुकानातला नेहमीचा नारिंगी ऑसेलॅरिस समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही, त्याची घरं म्हणजे मॅग्निफिका आणि दोन मोठी कार्पेट. टँकमध्ये तो बबल टिप बऱ्याचदा स्वीकारतो, पण हमी नाही. क्लार्की जवळपास कुठल्याही ॲनिमोनमध्ये शिरतो. मरून क्लाउनफिश समुद्रात फक्त बबल टिपमध्येच राहतो, पण तो दांडगट आहे. लहान ॲनिमोनची तो दशा करून टाकतो.

मासा सोडण्यापूर्वी या पाचही गोष्टी हव्यात, चार असून भागणार नाही :

1. ॲनिमोन तीन आठवडे एकाच जागी आहे.
2. पाय पूर्ण चिकटलेला, तोंड मिटलेलं.
3. सलग तीन वेळा खाल्लं आणि ओकलं नाही.
4. फुललेल्या ॲनिमोनचा व्यास माशाच्या लांबीच्या किमान तिप्पट.
5. दिवे नेहमीच्या तीव्रतेवर येऊन आठवडा झाला.

एवढी अट कशासाठी? क्लाउनफिश ॲनिमोनमध्ये नुसता बसत नाही. तो शुंडकांत लोळतो, त्यांना चावे घेतो, तोंडाशी घुसतो, घास पळवतो. निरोगी ॲनिमोन हे सहज सोसतं. नुकतंच आलेलं ॲनिमोन आक्रसून राहतं, त्यामुळे त्याला प्रकाश मिळत नाही आणि ते हळूहळू उपाशी मरतं.

जोडी सोडायची असेल तर दोघं एकाच वेळी, एक थोडा मोठा आणि एक लहान; मोठा पुढे मादी होतो. संध्याकाळी दिवे मंद करून सोडा. पहिले दोन आठवडे ॲनिमोनला खाऊ घालताना माशांना आधी दुसऱ्या टोकाला खायला द्या, नाहीतर ते घास तोंडातून ओढून काढतात. ॲनिमोन दोन-तीन दिवस दिवसाउजेडीही आक्रसलेलं राहिलं तर मासे जाळीच्या पार्टिशनमागे घ्या आणि आठवडाभर थांबा.

मासे आधीपासूनच टँकमध्ये असतील तर ॲनिमोन आणण्यापूर्वीच ते पार्टिशन बसवा, किंवा ॲनिमोनवर मोठ्या छिद्रांची टोपली उपडी ठेवा. प्रवाह आणि उजेड आत जायला हवा. वरच्या पाच अटी इथेही तशाच लागू.

मासा ॲनिमोनमध्ये शिरला नाही तर जाळीने हुसकावून त्यात ढकलू नका. दोघंही घाबरतात, आणि घाबरलेला मासा त्या बाजूला फिरकत नाही. कधी तासाभरात शिरतात, पैदास केलेले काही कधीच शिरत नाहीत. माझ्या जोडीने अकरा आठवडे घेतले. तोवर ती दोघं रोज रात्री रिटर्न पंपाच्या नळीला चिकटून झोपायची.